पोचल्याची खबर

अलास्काचा नकाशा समोर धरला, म्हणजे पहिली पाच मिनिटं काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. नद्या आहेत, डोंगर आहेत, हिमनद्या आहेत, गावांची नावंही आहेत. मग राहिलं काय? राहिले ते रस्ते! दक्षिणेला अँकरेज, मध्यावर फेअरबँक्स आणि त्यांच्या आसपास चारदोन तांबड्या रेघा. बाकी सारा कागद मोकळा. आपले साडेपाच महाराष्ट्र आत बसतील एवढा हा मुलूख, आणि २०२० च्या शिरगणतीत तिथे माणसं भरली अवघी सात लाख तेहेतीस हजार. आपल्या एका सोलापूर शहरातसुद्धा याहून अधिक माणसं राहतात. तिथल्या शंभर वस्त्यांपैकी ब्याऐंशींना बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. पीठमीठ, औषधं, टपाल, शाळेतली नवी बाई, आजारी माणसाला न्यायला आलेला डॉक्टर, सगळं यायचं ते आकाशातून.

आता आकाशात रस्ता नसतो आणि वाट चुकलेल्याला विचारायला नाक्यावर पानवाल्याचं दुकानही नसतं. ढगात शिरलेलं विमान कुठल्या दरीत गेलं, हे खालच्या अस्वलांखेरीज कुणाला कळायचं नाही. यावर तिथल्या लोकांनी एक तोड काढलेली आहे. ती फार जुनी आहे, साधी आहे आणि आपल्या घरातल्या कुठल्याही आजीला सांगितली तर ती म्हणेल, "यात नवीन ते काय?"

माझी धाकटी बहीण अँकरेजच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. गेल्या जूनमध्ये मी महिनाभर तिच्याकडे राहायला गेले होते. एकोणीस तासांचा दिवस! रात्री अकरा वाजता उजेडात दोरीवरचे कपडे काढायचे आणि दिवेलागण नक्की कधी समजायची, या विचारात पडायचं. तिच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. जन्मभर त्यांनी नदीकाठच्या लहान लहान गावांतून शाळा चालवल्या. आम्ही दोघी आपसांत त्यांना 'मास्तर' म्हणत असू. मी कॉलेजात मराठी शिकवते हे कळल्यावर मास्तरांना एकदम जातभाई भेटल्यासारखं झालं आणि त्यांनी मला आपल्या विमानातून मॅकग्राथला नेण्याचं आमंत्रण दिलं.

विमान म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांसमोर हवाईसुंदरी आणि ट्रेमधला चहा आला असेल, तर तो आधी दूर करावा. मास्तरांचं सेस्ना म्हणजे पंख लावलेली जुनी फियाट! चार माणसांची जागा, एक पंखा, आणि दार लावताना "जरा जोरात ओढा" अशी सूचना. मॅकग्राथ हे कस्कोक्विम नदीकाठचं गाव अँकरेजच्या वायव्येला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे. निघायचं होतं मेरिल फील्ड या विमानतळावरून. हा मेरिल कोण, म्हणून मी सहज विचारलं. रसेल मेरिल हा इथला आरंभीचा वैमानिक. १९२९ च्या सप्टेंबरात तो अँकरेजहून निघाला तो परत आलाच नाही. पुढे समुद्रकाठी विमानाच्या कापडाचा एक तुकडा तेवढा सापडला. आपण नव्या गाडीपुढे नारळ फोडून लिंबू-मिरची बांधतो. इथे हरवलेल्या माणसाचं नाव विमानतळाला! मी मनातल्या मनात रामनाम घेतलं.

निघायच्या आधी मास्तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि त्यांनी फोन फिरवला. पलीकडे फ्लाइट सर्व्हिस स्टेशनवरचा माणूस होता. मास्तर सांगत होते, तो लिहून घेत होता. विमानाचा नंबर, जात, वेग. कुठून निघणार, कुठल्या खिंडीतून जाणार, कुठे उतरणार. किती वाजता निघणार, किती वेळ लागणार, पेट्रोल किती तास पुरेल. माणसं किती? इथे मास्तर जुन्या वैमानिकांच्या भाषेत म्हणाले, "दोन आत्मे." माझ्या आत्म्याची अशी सरकारदरबारी नोंद आयुष्यात प्रथमच होत होती. शेवटी रंग. "पांढरा, वर तांबडा पट्टा."

"रंग कशाला हवा?" मी फोन ठेवल्यावर विचारलं.

"शोधताना बरा पडतो," मास्तर शांतपणे म्हणाले आणि कॉफी ओतू लागले.

मोठी विमानं यंत्रांच्या भरवशावर ढगातून जातात आणि जमिनीवरचा नियंत्रक त्यांना सांभाळत असतो. लहान विमान मात्र वैमानिकाच्या डोळ्यांच्या भरवशावर जातं. या उड्डाणाला व्हीएफआर म्हणतात. समोरचं दिसतंय तोवर पुढे जायचं, दिसेनासं झालं की मागे फिरायचं. अशा उड्डाणाआधी फोनवरून जो बेत सांगायचा, तो फ्लाइट प्लॅन. अमेरिकेत एरवीच्या व्हीएफआर उड्डाणाला तो सक्तीचाही नाही. त्यात परवानगी मागायची नसते. आम्ही इतके वाजता निघतो, अमक्या वाटेने जातो, इतक्या वाजता पोचतो, एवढं कुणाच्या तरी कानावर घालून ठेवायचं. पोचलं, की फोन करून किंवा रेडिओवरून सांगायचं, "पोचलो, प्लॅन बंद करा." ठरलेल्या वेळेवर अर्धा तास उलटला आणि निरोप आला नाही, म्हणजे तो माणूस चौकशीला लागतो. जिथे पोचायचं तिथे विचारणा, वाटेतल्या धावपट्ट्यांवर विचारणा, दिलेल्या नंबरावर फोन. तरीही पत्ता नाही लागला, तर अँकरेजच्या लष्करी तळावरच्या बचाव केंद्राला वर्दी.

अहो, हे तर आपलं पोचल्याचं पत्र! "पोचल्यावर दोन ओळी टाक," असं सांगितल्याशिवाय आपल्याकडे कुणाचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं आहे? फरक एवढाच, की आपल्याकडे ते पत्र आलं नाही तर आई नुसती काळजी करत बसते. इथे काळजी करायला पगारी माणूस ठेवलेला आहे आणि काळजी कितव्या मिनिटाला सुरू करायची, हेही ठरलेलं आहे.

ही व्यवस्था आजची नव्हे, तशी तिची सामग्रीही आजची नव्हे. लहान विमानाचा रेडिओ सरळ रेषेत बोलतो. मधे डोंगर आला की मुका. म्हणून डोंगरमाथ्यांवर रेडिओचे खांब उभारायचे आणि ते दूरच्या स्टेशनला टेलिफोनच्या तारांनी किंवा उपग्रहाने जोडायचे. अशा ठिकाणी काही बिघडलं, की दुरुस्तीचा माणूससुद्धा विमानानेच जायचा, तोही हवा बरी असेल तेव्हा. गावोगावची हवा सांगणारी स्वयंचलित यंत्रं आहेत; पण संदेशाची तार तुटली की यंत्र हवा मोजत राहतं आणि ऐकायला कुणी नसतं. विमानात संकटसूचक यंत्र असतं. परंतु जुनी यंत्रं ज्या १२१.५ मेगाहर्ट्झवर हाक मारतात, ती हाक उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकायची सोडली. पुष्कळ जुन्या विमानांत मात्र तीच यंत्रं पुढेही राहिली. आणि हे सगळं आडवळणाच्या मुलखातच चालतं असंही नाही. ११ जानेवारी २०२३ रोजी वैमानिकांना सूचना पुरवणारी संगणकाची यंत्रणा बंद पडली, तेव्हा सबंध अमेरिकेतली उड्डाणं त्या सकाळी थोपवावी लागली होती!

नवं काही आलं नाही असं नाही. १९९९ पासून खिंडीखिंडींत कॅमेरे बसवले गेले. दर दहा मिनिटांनी तिथलं चित्र घरबसल्या दिसतं. शेजारी त्याच जागेचं निरभ्र दिवशीचं चित्र ठेवलेलं असतं; त्यातला कुठला डोंगर आज दिसत नाही, ते पाहून हवा ओळखायची. मास्तर मला म्हणाले, "वर्गात हजेरी घेतो ना, तसं. कोण गैरहजर आहे ते पाहायचं." २००५ साली अमेरिकेने इतर मुलखातली फ्लाइट सर्व्हिस स्टेशनं खाजगी कंपनीला चालवायला दिली, अलास्कातली मात्र सरकारनेच आपल्याकडे ठेवली. तिथे ती केवळ सोय नाही, गरज आहे, हे त्यामागचं कारण.

मास्तरांच्या फडताळात या विषयावरची कात्रणं होती. बेन आयेल्सनने २१ फेब्रुवारी १९२४ ला फेअरबँक्सहून मॅकग्राथला पहिलं हवाई टपाल नेलं. कुत्र्यांच्या गाडीला जी वाट काटायला जवळजवळ तीन आठवडे लागत, ती त्याने तीन तासांच्या आत काटली. परतताना अंधार पडला, वाट चुकली. तेव्हा फेअरबँक्सच्या लोकांनी पेटवलेल्या शेकोट्यांनी त्याला घर दाखवलं. मला वाटतं, तिथला पहिला फ्लाइट प्लॅन तो हाच. कुणीतरी वाट पाहत होतं, म्हणून शेकोटी होती.

दुसरं कात्रण १९७२ च्या ऑक्टोबरातलं. अमेरिकन प्रतिनिधिगृहातले बहुमत पक्षाचे नेते हेल बॉग्ज आणि अलास्काचे प्रतिनिधी निक बेगिच हे १६ तारखेला अँकरेजहून जुनोला निघाले. वैमानिकाने उड्डाणानंतर रेडिओवरून प्लॅन नोंदवला होता. विमान पोचलं नाही. एकोणचाळीस दिवस शोध चालला. संकटसूचक यंत्राची हाक कुठूनही ऐकू आली नाही आणि विमान आजतागायत सापडलेलं नाही. प्लॅन माणसाला वाचवतो असं मुळीच नाही. तो फक्त शोध वेळेवर सुरू करून देतो. पण तेवढंही किती असतं, ते २०१० सालच्या कात्रणात दिसतं. माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स ९ ऑगस्टला दुपारी अडीचच्या सुमारास एका छोट्या विमानातून मासेमारीच्या तळाकडे निघाले. विमान डोंगरावर आदळलं. आतलं यंत्र नव्या पद्धतीचं होतं. पण धक्क्याने ते आपल्या बैठकीवरून निसटलं आणि त्याची हाक कुणाला पोचली नाही. संध्याकाळी सहानंतर कुणीतरी तळावर चौकशी केली, तेव्हा कुठे कळलं की मंडळी तिथे पोचलीच नाहीत. नऊपैकी पाच जण गेले. चौघांनी ती रात्र डोंगरावर काढली. स्टीव्हन्स गेलेल्या पाचांत होते.

अशी कात्रणं वाचून कुणी विमानात बसू नये. मी बसले. अकरा वाजता निघालो, एकला पोचायचं. खाली सुसिटना नदी वेणी सुटल्यासारखी दहा प्रवाहांनी पसरली होती. मग रान, मग डोंगर आणि त्यांतून रेनी पासकडे जाणारी दरी. सारख्या दिसणाऱ्या दऱ्या दोन्ही बाजूंना फुटतात. चुकीच्या दरीत शिरलं की पुढे भिंत. मास्तर गुडघ्यावरच्या नकाशावर बोट ठेवून चालले होते. बोट सोडून त्यांनी माझ्याशी एक शब्दही बोलला नाही.

खिंड ओलांडली आणि पलीकडे आकाशच नव्हतं. वणव्याचा धूर! पिवळट, दाट, दरीच्या तोंडाशी पडदा सोडावा तसा. मास्तरांनी एक घिरटी घातली आणि खाली रोन नावाच्या जागी विमान उतरवलं. रोन म्हणजे एक धावपट्टी आणि एक लाकडी खोपट. मार्चमध्ये इडिटारॉडच्या कुत्र्यांच्या शर्यतीत इथे वर्दळ असते. जूनमध्ये आम्ही दोघं आणि डास. वाजले होते बारा वीस.

अलास्कात विमानाबरोबर काय न्यावं, याचा कायदा आहे : माणशी आठवड्याचं अन्न, कुऱ्हाड, चाकू, औषधपेटी, मासे धरायचे गळ, आग पेटवायचं साहित्य, खूण करायची दोन साधनं आणि माणशी एक डासांची जाळी. कायदे करणाऱ्यांत एकतरी अनुभवी माणूस होता, हे मला जाळी डोक्यावर ओढताना पटलं. जीवाला धोका असा काही नव्हता. धूर विरला की निघायचं. पण मास्तर सारखे घड्याळाकडे पाहत होते. चहूकडे डोंगर, रेडिओ बोलेना. माझा फोन तर अँकरेज सोडल्यापासून नुसतं घड्याळ झाला होता.

"दीड वाजता ते चौकशीला लागतील," मास्तर म्हणाले.

त्यांच्या खिशात उपग्रहाला हाक मारणारं छोटं यंत्र होतं. मी म्हटलं, "मग ते दाबा की."

"ते मरणाऱ्यासाठी आहे," मास्तर म्हणाले. "उशीर झालेल्यासाठी नाही. हे दाबलं तर चार पोरं आपला जीव धोक्यात घालून या धुरात शिरतील."

आणि प्लॅनमध्ये घरचा म्हणून जो नंबर दिला होता, तो माझ्या बहिणीचा होता.

मी सातवीत होते तेव्हा वडिलांची बदली भामरागडला झाली. साताऱ्याहून भामरागड म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोक. जुलैत ते घरून निघाले. पोचल्याचं कार्ड पाचव्या-सहाव्या दिवशी यायला हवं, ते आलं नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, हे आम्हाला पुढे कळलं. तेव्हा फक्त पाऊस दिसत होता. आई रोज पोस्टात जायची. पोस्टमास्तर चांगला माणूस, पण तो तरी काय सांगणार? तो मान हलवायचा. कुणाला विचारावं, हेच आईला ठाऊक नव्हतं. आणि आपल्या माणसाबद्दल विचारणं हे कुणाचं काम आहे, असं त्या एवढ्या मोठ्या राज्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. चौदाव्या दिवशी कार्ड आलं. 'खुशाल पोचलो' एवढ्याच ओळी. माझी बहीण तेव्हा चार वर्षांची होती. तिला त्यातलं काही आठवत नाही असं ती म्हणते. पण कुणाला यायला उशीर झाला, की ती खिडकीशी उभी राहते, ती अजून.

एक वाजून गेला. एक दहाला मास्तरांनी हात वर केला. वर, खूप उंचावरून, विमानाची घरघर येत होती. ते धावत विमानात शिरले आणि त्या मुलखातली विमानं आपसांत ज्या लहरीवर बोलतात, तिच्यावर त्यांनी हाक दिली. एका बाईचा आवाज आला. तिला आमचा नंबर, जागा आणि 'दोघं सुखरूप, प्लॅन चारपर्यंत वाढवा' एवढा निरोप सांगितला. ती उंचावर होती, तिचा रेडिओ स्टेशनपर्यंत पोचत होता. चार मिनिटांनी ती पुन्हा बोलली, "कळवलंय. चारपर्यंत वाढवला आहे." मास्तरांनी आभार मानले. तिने नाव विचारलं नाही, सांगितलंही नाही. घरघर डोंगराआड गेली.

आम्ही डबा उघडला. मेथीचे ठेपले मास्तरांना फार आवडले.

तीनच्या सुमारास वारा फिरला, धूर उचलला आणि पावणेचारला आम्ही मॅकग्राथला उतरलो. मास्तरांनी इंजिन बंद केलं, आणि सामानाला हात लावण्याआधी, माझ्याकडे बघण्याआधी, फोन केला : "पोचलो. बंद करा." पलीकडच्याने वेळ सांगितली आणि फोन ठेवला. दोघांनाही त्यात विशेष काही झालं असं वाटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी परत आलो. बहिणीला सगळं सविस्तर सांगायचं मी ठरवलं होतं, पण तिनेच मला थांबवलं. आदल्या रात्री तिची पाळी होती आणि दुपारी ती झोपायची होती. तरी तिने एकचा गजर लावून ठेवला होता. सव्वापर्यंत तिने वाट पाहिली आणि मग कुणी आपल्याला विचारण्याची वाट न बघता आपणच स्टेशनला फोन लावला.

"त्या माणसाने विमानाचा नंबर विचारला," ती म्हणाली, "आणि लगेच सांगितलं, 'रोनला उतरलेत. धूर आहे. दोघंही बरी आहेत. चारला पुन्हा बघेन.' ताई, तो म्हणाला, 'बघेन.'"

ही जुनी यंत्रं बदलायलाच हवीत. तारांच्या जागी उपग्रह यावेत, मुके खांब बोलते व्हावेत. मास्तरही खिशातलं यंत्र बदलून निरोप पाठवणारं नवं यंत्र घेणार आहेत आणि अलास्कातली स्टेशनं तसल्या यंत्रांचे निरोप घेऊही लागली आहेत. आमच्या भामरागडलाही आता फोन आहे. पण नवं काहीही आणलं, तरी घड्याळाकडे बघून "अमका अजून आला नाही" असं म्हणणारा एक माणूस त्यातून वगळू नये. मी हे मास्तरांना बोलून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "मुंबईला किती वाजता पोचणार? बहिणीला सांगून ठेवा, मी तिच्याकडे चौकशी करीन."